एका वर्षावासातली बारशी

आषाढी पौर्णिमा, १९६८. वेळ दिवेलागणीची. जागा सक्करदऱ्याच्या तलावाकडे उतरणाऱ्या आमच्या वस्तीतलं विहार. हजर: सगुणाबाई, ज्या आम्हा बायांची वंदना घेत, चंद्रभागा, शेजारीण, आवाज मोठा, माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी वस्ती माय म्हणायची, गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बाया, झाडून सगळ्या, आणि मी, शांता, वय बावीस, मॅट्रिक पास. गैरहजर: पुरुष मंडळी, कारण गिरणीची दुसरी पाळी. आणि माझी मुलगी, जिच्यासाठी आम्ही जमलो होतो.

आधी हजेरी, बाकी सगळं नंतर, ही माझी शाळेच्या ऑफिसातली सवय. घरचे हसतात. हसू देत. हजेरी घेतलेली नसली की मागून प्रत्येक जण ‘मी होते ना’ म्हणतो. त्या संध्याकाळी आपण होतो असं सांगणाऱ्या बाया वस्तीत आता इतक्या झाल्या आहेत, की तेव्हाचं विहार दुप्पट असतं तरी त्या मावल्या नसत्या. विहार तरी कसलं, कुडाच्या भिंती आणि वर टिनाचं छप्पर. पाऊस आला की वंदना ओरडून म्हणावी लागे.

यंदाही वर्षावास सुरू होतो आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने भिक्षू फिरणं थांबवून एका जागी राहतात. ते थांबतात, आमची धावपळ वाढते. पांढरी साडी निळीतून काढून दोरीवर टाकली. वाती झाल्या. खिरीची पाळी कोणाकडे कधी, हे दारोदार सांगून आले. विहाराच्या पायरीवर शेवाळ धरतं, तिथे चुना मारायला लावला, कारण मागच्या पावसाळ्यात दोघीजणी घसरल्या आणि एकीने दोष माझ्या नियोजनाला दिला. वस्तीत विड्या वळणारी आता मोजकी घरं उरली, पण हवा दमट झाली की भिजवलेल्या तेंदूच्या पानांचा वास कुठून तरी येतोच. तो आला की हातातलं काम हातात राहतं.

माझी मुलगी त्या वर्षी मेच्या अखेरीस झाली. नागपूरचा मे. वॉर्डाच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या होत्या. बाई येऊन त्यांवर पाणी मारून जायची, की थोडा वेळ सगळा वॉर्ड गार आणि सुगंधी. माझ्या मुलीने या जगातलं काय पाहिलं ते सांगता येत नाही, पण वास मात्र चांगला घेतला. जावळ इतकं, की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “अवं, हे तं वेणी घालूनच आली!” वजन कमी होतं. मग अंग पिवळं पडलं. डॉक्टरांनी जमेल ते केलं. आठवड्याच्या वर थोडी राहिली. बारसं व्हायचं होतं, ते झालं नाही. पुरुषांनी नेलं. बाया जात नसत, त्यामुळे जागा मला माहीत नाही.

आज हे लिहायला एक परिच्छेद पुरला. तेव्हा एक दुपार सरत नव्हती. अंगावरचं दूध थांबत नव्हतं. मायने ओल्या फडक्याने छाती घट्ट बांधून दिली, आणि बांधताना माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. ते तिचं बोलणं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या घराने दीक्षा घेतली ती छप्पन सालीच. सासरे तेव्हा होते. त्याच आठवड्यात त्यांनी घरचे सगळे देव टोपलीत भरले आणि तलावात नेऊन सोडले. जुनं असं एका फेरीत गेलं. नवं शिकायला मात्र वेळ लागत होता, आणि त्यामुळे वस्तीत बारा महिने एकच प्रश्न चाले: आता आपल्यात काय करतात? “आपल्यात लेकराले काजळ लावते का वं?” “आपल्यात नव्या चुलीले हळद लावते का?” एकीने दिवाळीच्या तोंडावर विचारलं, “आपल्यात करंज्या चालते का?” त्याचं उत्तर चंद्रभागेने परस्पर देऊन टाकलं. “करंजीले कोणता धर्म हाय? तळ तू.”

मोठं माणूस गेलं तर पुण्यानुमोदन करायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक झालं होतं. लोक जमतात, वंदना होते, गेलेल्याचं नाव घेऊन चार शब्द बोलतात. पण तान्ह्या लेकराचं काय? मी विचारलं तेव्हा मायचा हात भिंतीतल्या देवळीकडे गेला. तिथे पूर्वी देव असत, आता कंदील असे. हात तसाच मागे आला.

“तान्ह्याचं काही नसते करत, पोरी,” ती म्हणाली. “जुन्यात पण नव्हतं. नव्यात पण नसन.”

मला मात्र करायचं होतं. ती होती, हे चार माणसांत म्हटलं जावं. नाव घेऊन म्हटलं जावं. नाही तर माझी मुलगी फक्त माझ्या अंगावरच्या दुधापुरती होती, आणि तेही आटत चाललं होतं.

सगुणाबाई दुपारच्या आमच्या ओट्यावर येऊन बसत, कारण ओटा सावलीचा. पुढ्यात सूप, सुपात तंबाखू, मांडीवर कापलेली पानं, दाताखाली लाल दोरा. त्यांना आणि त्यांच्याभोवती बसणाऱ्या बायांना अक्षरओळख नव्हती. वंदना आणि गाथा त्या शिकल्या त्या विड्यांच्या हिशेबाने. एक ओळ म्हणायची, एक विडी वळायची. विड्यांची जुडी, म्हणजे कट्टा, बांधून होईतो कडवं पाठ. पालीतला एक शब्द कोणाला कळत नव्हता, पण चाल अशी पक्की, की मध्येच कोणी चुकलं तर विडीसुद्धा वाकडी वळली जाई.

“काहून वं शांते, विहारात येऊन नाही राहिली?” सगुणाबाईंनी विचारलं.

“माह्या पोरीचं पुण्यानुमोदन करायचं हाय.”

त्यांनी हातातल्या विडीचं तोंड नखाने दुमडलं. “करू न मंग. पौर्णिमा आलीच.”

“तान्ह्याचं करते का पण आपल्यात?” आतून मायचा आवाज.

“आपल्यात म्हणजे कोण वं माय? तू अन् मी. आपण केलं की करते.”

पुढे मी बरीच पुस्तकं वाचली, शिबिरांना गेले, मोठमोठी भाषणं ऐकली. धर्माबद्दल इतकं सरळ वाक्य माझ्या कानावर पुन्हा आलं नाही. ते बोलून सगुणाबाईंनी पुढची विडी घेतली.

पौर्णिमेला ह्यांची दुसरी पाळी होती. जाण्याआधी सीताबर्डीवर जाऊन फुलं आणून दिली. आपल्यात किती फुलं लागतात हे ह्यांना माहीत नव्हतं, आणि कोणाला विचारायचं धाडस होत नव्हतं. सायकलच्या दोन्ही मुठींना भरलेल्या पिशव्या: झेंडू, मोगरा, गुलाबाच्या पाकळ्या. ओट्यावर ठेवून म्हणाले, “पुरन न?” मी मान हलवली. लेकीसाठी बापाने केलेला तेवढाच बाजार.

विहारात मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झालं. सगुणाबाई माझ्याकडे वळल्या.

“नाव का पोरीचं?”

“विशाखा.”

“हे कवा ठेवलं?” मायने दचकून विचारलं.

“दवाखान्यात. तिच्या कानात सांगतलं होतं.”

मायने पदर ओठांवर दाबला. सगुणाबाईंनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “विशाखा आपल्यात आली होती. आपण तिच्यासाठी म्हणून राहिलो.” मला हवं होतं ते एवढंच होतं. मिळालं. बसल्या जागी माझे खांदे खाली आले.

पुढे काय म्हणायचं, ही अडचण होती. वंदनेचं पुस्तक ज्यांच्याकडे असे ते गृहस्थ गिरणीत. सगुणाबाईंनी डोळे मिटले आणि जिभेवर जे पहिलं आलं ते उचललं. बायांनी मागून धरलं. टिनावर पाऊस वाजत होता, त्याच्या वर ह्या बायांचा आवाज. दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसून घसे खरखरीत झालेले, पण एका सुरात निघाले की भिंतीचा कूड थरथरे. पहिलं कडवं मी डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्याला ओळखीचं वाटलं. तिसऱ्याला कळलं. हे मी ऐकलं होतं, दोन वर्षांपूर्वी, मांडवात, हातात हार घेऊन उभी असताना. त्या माझ्या मुलीसाठी लग्नातल्या मंगल गाथा म्हणत होत्या.

मी त्यांना अडवलं नाही. आवाज असा लागला होता की त्यात हात घालवेना. शिवाय दर कडव्याच्या शेवटी सगळ्यांचे हात फुलांत बुडून वर येत होते. लग्नात कडव्यागणिक वधूवरांवर फुलं टाकायची, तो हात सवयीचा. इथे वधूवर नव्हते. समोर मी होते. मोगरा माझ्या केसांत अडकला, झेंडू मांडीवर पडले, गुलाबाची पाकळी गालाला चिकटली. ह्यांनी फुलं इतकी आणली होती, की ती संपेचनात.

शेवटचं कडवं झालं. चंद्रभागेचा फुलांचा हात वर होता, तो वरच राहिला.

“अवं बाई! हे तं लग्नाचं हाय!”

सगुणाबाईंचे डोळे खाडकन उघडले. “बाप्पा! पोरीचं लगन लावून टाकलं वं आपण!”

“अन् नवरदेव कोठी हाय?” मागून कोणी तरी विचारलं.

मला हसू आलं. पोटातून आलं. त्या पोटात कितीतरी दिवस दुखण्याशिवाय काही हललं नव्हतं. माय घाबरून माझ्याकडे बघत राहिली, सून हातची गेली म्हणून. मग तिलाच हसू फुटलं. मग कोणी कोणाला आवरेना. सगुणाबाई दोन्ही हातांनी कपाळ धरून हसत होत्या आणि मधूनमधून “माफ कर बाप्पा” म्हणत होत्या. त्या हसण्यातच मला रडू आलं. ते मात्र आता घरातल्यासारखं नव्हतं. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती, आणि अंगभर फुलं.

सगळं ओसरल्यावर चंद्रभागा खाली बघत म्हणाली, “माहा पण एक होता वं.”

तिने ओंजळीतली फुलं खाली ठेवली.

“कचऱ्या. तवा लेकरं वाचत नव्हते म्हून नाव असं ठेवलं. घाण नाव असलं का कोणी नेत नाही म्हणे. नेलंच.” मग तिने सगुणाबाईंकडे पाहिलं. “त्याचं नाव बदलता येते का?”

“का ठेवतं?”

“राहुल.”

“अवं, त्याले जाऊन किती वर्सं झाली!” कोणी तरी म्हणालं.

“तं का झालं? कचऱ्या म्हून गेला. राहुल म्हून राहू दे.”

सगुणाबाईंनी त्याच गाथा पुन्हा उचलल्या. या वेळी समजून, लग्नाच्याच. फुलं होतीच.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना काळजी लागली. चंद्रभागेला आणि मला घेऊन त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला वर्षावासासाठी थांबलेल्या भंतेजींकडे गेल्या. भंतेजींनी सगळं न हसता ऐकलं. फुलंही टाकली का, असं विचारलं. आम्ही हो म्हटल्यावर मात्र त्यांना चेहरा चिवराच्या टोकाने पुसावा लागला.

“मंगल व्हावं असंच त्या गाथांत आहे,” ते म्हणाले. “तुम्ही बाळाचं मंगल चिंतलंत. त्यात चूक कसली? पुण्यानुमोदनाच्या गाथा म्हणायच्या असतील तर पुढे केव्हाही म्हणा.”

परतीच्या वाटेवर सगुणाबाई स्वतःशीच म्हणत होत्या, “म्हणजे बाकी हाय. बाकी हाय तेवढं.”

तो सगळा वर्षावास बारशांचा झाला. दर संध्याकाळी कोणी ना कोणी पदराला हात पुसत यायची आणि जरा आडून विचारायची, “माह्या पोराचं बी होईन का?” तीस तीस वर्षांपूर्वी गेलेली लेकरं. काहींना नावच नव्हतं, काहींची धोंडी, दगडू, कचऱ्या असली नावं, मृत्यूला चकवायला ठेवलेली. आता चकवायचं काही नव्हतं, त्यामुळे बाया मन लावून सुंदर नावं निवडत. त्यावरून भांडणंही झाली. दोघींना सुजाताच हवी होती आणि कोणी मागे हटेना. शेवटी सगुणाबाई म्हणाल्या, “शाळेत एका वर्गात दोन सुजाता नसते का? बसू दे जवळजवळ.” एकीने नाव ठरवायला पंधरा दिवस घेतले, बाजारात, नळावर, जिथे तिथे दुसऱ्यांना नावं विचारत फिरली. जिवंत पोराच्या वेळी सासूने तिला तोंड उघडू दिलं नव्हतं. हे नाव तिचं स्वतःचं होतं.

वंदनेनंतर ग्रंथ वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला वाचता येत होतं. अनित्य हा शब्द मी रोज मोठ्याने वाचत होते. सुरुवातीला तो पुटपुटून पुढे जाई. मग एक दिवस लक्षात आलं की तो मी टिनावरच्या पावसापेक्षा वरच्या पट्टीत, खणखणीत म्हटला होता. श्रद्धा कशाला म्हणतात याची व्याख्या मला येत नाही. माझी मुलगी कुठे गेली, हे मला त्या तीन महिन्यांत कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. ये, बस, म्हण, एवढंच सांगितलं. मी गेले, बसले, म्हटलं. भाद्रपदात कधी तरी मला जेवणाची चव लागू लागली. आंबाडीची भाजी होती आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मायने तवा खाली उतरवला होता, तो पुन्हा चढवला.

आश्विन पौर्णिमेला सगळ्या नावांचं एकत्र स्मरण करायचं ठरलं. नावं वाचायला मी उभी राहिले आणि सवयीने शाळेच्या हजेरीचाच सूर लागला.

“राहुल?”

“हजर हाय, मास्तरीन,” चंद्रभागा गंभीर तोंडाने म्हणाली. “पण लय मस्तीखोर हाय. मांगं बसवला.”

मग काय, प्रत्येकीने उत्तर दिलं. कोणाचा झोपला होता, कोणाची नाक पुसायला गेली होती. दोन्ही सुजाता एकदम ओरडल्या.

त्या दिवशी सकाळी, भाकरी थापता थापता, मायने माझ्याकडे न पाहता सांगितलं होतं, “माही पण घे त्यात. तुह्या नवऱ्याच्या आधीची. पोरगीच होती.”

“नाव?”

“तूच ठेव. तुले येते.”

मी गौतमी ठेवलं. संध्याकाळी ते नाव आलं तेव्हा माय बसल्या जागी ताठ झाली आणि एखाद्या शाळकरी मुलीसारखा हात वर केला.  मी पुढचं नाव घेण्याआधी जरा थांबले.

विशाखासाठी पुण्यानुमोदनाच्या, बरोबरच्या गाथा म्हणायचं तेवढं राहिलं. पुढच्या वर्षावासात करू म्हटलं, तर तेव्हा माझं पोट पुढे आलं होतं आणि सगुणाबाईंनी हुकूम सोडला, “गर्भारपणी लग्नाचंच ऐक. ते चांगलं असते.” मुलगा झाला. त्यानंतर एका वर्षी वादळाने टिन उडवलं. मग विटांच्या भिंती चढल्या, स्लॅब पडला. मग मुलगी झाली, तिच्या बारशाला शंभर पानं उठली. माय गेली, तिचं पुण्यानुमोदन अगदी यथासांग, पुस्तकात दिल्याप्रमाणे झालं. दर वर्षी आषाढात कोणी तरी म्हणे, “शांताबाई, विशाखाचं तेवढं बाकी हाय,” आणि दर वर्षी काही तरी निघे. मी काम मागे ठेवणारी बाई नाही. ऑफिसात माझ्या टेबलावर कागद रात्र काढत नाही. पण हे काम मी दर आषाढात नव्या यादीत उतरवते आणि आश्विनात तिथून पुढच्या सालावर ढकलते.

यंदा प्रज्ञाने मनावर घेतलं. चंद्रभागेची ही नात कॉलेजात पाली शिकते. तिला प्रत्येक शब्दाचा अर्थ येतो, आणि तो ती सांगतेही. वस्तीतल्या मुलींकडून तिने पुण्यानुमोदनाच्या गाथा बसवून घेतल्या आहेत. काल संध्याकाळी आम्ही विहारात तयारी बघायला जमलो. मुलींनी म्हणून दाखवलं. स्वच्छ, शुद्ध, एक चूक नाही. मला आवडलं, आणि तिला मी तसं सांगितलं.

सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, बोटं मात्र मांडीवर अजून न दिसणाऱ्या विड्या वळत असतात.

“काकू, मग उद्या पौर्णिमेला करून टाकू ना?” प्रज्ञाने मला विचारलं.

“काहून घाई करतं वं?” सगुणाबाई म्हणाल्या. “पोरगी कुठं पळून चालली का?”

“आजी, अठरा वर्षं झाली!”

सगुणाबाईंची बोटं थांबली. त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली.

“अठराची झाली का वं शांते, आपली विशाखा?”

“हो,” मी म्हटलं.

“मंग आता तं ते लग्नाचंच बरोबर हाय!”

चंद्रभागा इतकी मोठ्याने हसली की बाहेरची पोरं आत डोकावली. प्रज्ञा कपाळाला हात लावून बसली, आणि मग तीही हसली. मी डोळे पुसले, मुलींना खिरीचं दूध किती वाजता येणार ते सांगितलं, आणि घरी आले.

आज पौर्णिमा. दूध आलं, तांदूळ धुऊन झाले, पायरीवरचा चुना वाळला. सगळं वेळेवर आहे. विशाखासाठी बरोबरच्या गाथा म्हणायच्या मात्र राहिल्या आहेत.